कोपरा उचलायचा राहिला

भाऊंनी माझ्याकडे पहिल्यांदा काय मागितलं हे सांगण्याआधी मी समोरच्याला चहाचा कप खाली ठेवायला लावते. ही अनुभवानं शिकलेली खबरदारी आहे.

लॉकडाउनचे पहिले दिवस होते. आमच्या गावाचं नाव बेस्ट. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला लागून आहे. गाव ठीकठाक आहे, नाव मात्र त्यानं स्वतःच ठेवलेलं असावं. तर या गावात एकेकटी राहणारी मराठी माणसं कोण कोण, याची मी यादी केली होती. इथल्या मराठी मंडळात मला कुणी कशावर नेमलेलं नाही. पण याद्या करणारं एक माणूस असलं की बाकीच्यांना लोकशाही परवडते. मी एकेकाला फोन लावला. कुणाला तूरडाळ हवी होती, कुणाला पॅरासिटामॉल, एकाला कुकरची शिट्टी. मग भाऊंचा नंबर आला.

"भाऊ, काही हवंय का? डाळ, पीठ, पोहे?"

"डाळ आहे ना ताई. मला तुमचे दोन पाय पाहिजेत."

"काय?"

"पाय. रविवारी दुपारी, थोडा वेळ. तिकडे शेताच्या रस्त्यावर पाय फाकवून उभं राहाचं फक्त. बाकी मी करतो."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "एकटं राहून यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. यांच्या हाउसआर्ट्सला कळवायचं का?" हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. तो कुठल्याही तक्रारीवर पॅरासिटामॉल घेऊन झोपा म्हणतो, पण कळवलेलं बरं.

नवरा भाऊंच्याच कंपनीत. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "परिणाम जुना आहे. त्यांना फोन कर आणि हो म्हण, नाहीतर ते मला विचारतील."

भाऊ मूळचे नागपूरचे, इंदोऱ्याचे. शिक्षणानं पदार्थविज्ञानातले डॉक्टर. आयर्लंडमध्ये कॉर्कला बरीच वर्षं नोकरी केली आणि मग इथल्या चिप बनवण्याच्या यंत्रांच्या उद्योगात आले. वहिनी नागपुरात कॉलेजात शिकवतात. "आमचा संसार एक नंबर चालू आहे, मध्ये दोन समुद्र आहेत म्हणून," असं भाऊ सांगत, आणि वहिनीही तेच सांगत. भाऊंची उंची बेताची, पोट किंचित पुढे, उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच रुंद, डोक्याला बाराही महिने एकच लोकरी टोपी. चालताना मान खाली. सुरुवातीला मला वाटलं होतं, स्वभाव लाजाळू असेल. तसं काही नव्हतं. ते रस्त्याचा उतार बघत असायचे.

नेदरलँड्समध्ये राहून त्यांच्याकडे सायकल नव्हती. इथे हे पासपोर्ट नसण्यापेक्षा गंभीर आहे. मी एकदा आमची जुनी सायकल देऊ केली तर म्हणाले, "सायकलवरून रस्ता कळत नाही ताई. ढुंगणाला कळतो फक्त." इथल्या रस्त्यांवर त्यांचा राग होता. "इस्त्री मारून ठेवली लेकाच्यांनी. चढ नाही, उतार नाही. वळण द्यायलाही कंजूस." आइंडहोव्हनमध्ये बाकीचे मराठी इंजिनियर घराच्या किमतींवर बोलत तेव्हा भाऊ कोणत्या गल्लीला मधोमध उंचवटा आहे आणि कोणती डावीकडे पाणी सोडते, यावर बोलत. फार वेळ कुणी ऐकत नसे.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या बैठकीच्या खोलीत फळीवर ठेवलेलं होतं. बुद्धाची एक छोटी मूर्ती, तिच्या शेजारी स्टीलची वाटी आणि वाटीत लोखंडाचा काळा, गुळगुळीत गोळा. क्रिकेटच्या चेंडूहून लहान, पण उचलायला गेलं तर मनगट खाली जातं. मंडळातल्या एक काकू पहिल्यांदा त्यांच्या घरी गेल्या, वाटीतल्या गोळ्याला शाळिग्राम समजल्या आणि डोळे मिटून हात जोडून उभ्या राहिल्या. भाऊंनी त्यांना थांबवलं नाही. आम्ही नंतर विचारलं तर म्हणाले, "त्या गोळ्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी इज्जत देऊन राहिलं होतं. मी काहून मधात पडू?"

गोळा खेळायचा होता. आयर्लंडच्या दक्षिणेकडे हा खेळ खेळतात. मैदान नाही, गावाबाहेरचा साधा वाहता रस्ता. खेळाडू धावत येतो, हात मागून पूर्ण गोल फिरवतो आणि खालून गोळा सोडतो. गोळा रस्त्यावरून घरंगळत, उड्या मारत जिथे थांबेल तिथून पुढची फेक. ठरलेला पल्ला कमी फेकींत गाठेल तो जिंकला. एवढंच. भाऊंनी मला हे फोनवर समजावलं तेव्हा मी विचारलं, "आणि यात माझ्या पायांचं काय काम?"

"खेळणाऱ्याच्या समोर एक माणूस उभा असतो, रस्ता दाखवणारा. कुठून गोळा गेला पाहिजे, ते त्याला माहीत. तिथं तो पाय फाकवून उभा राहते. पायांच्या मधात गवताची एक मूठ ठेवाची. आपण त्या गवतावर नेम धराचा."

"म्हणजे तुम्ही लोखंडी गोळा माझ्या पायांमधून फेकणार."

"हो."

"आणि लागला तर?"

"नाही लागत."

"भाऊ, लागला तर?"

"तर तुम्ही चुकीच्या जागी उभ्या होत्या."

मीच का, हेही मी विचारलं. मंडळात तरुण मुलं होती, धडधाकट बाप्ये होते. भाऊ म्हणाले, "तुम्ही हलत नाही ना. गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही चौकात हात आडवा करून उभ्या होत्या. तो डच पोलीस विनवून राहिला होता, तरी हलल्या नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही बाई रस्ता दाखवणारी आहे."

आता याला स्तुती म्हणायचं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या रविवारी मी गेले. जाताना दोन नारिंगी जाकिटं, एक शिट्टी, दोन प्लास्टिकचे शंकू आणि हात धुवायचं जेल घेतलं. काम वेडेपणाचं असलं म्हणून ते अव्यवस्थित करावं असं नाही.

बेस्टच्या बाहेर, बीटाच्या शेतांमधून एक अरुंद डांबरी रस्ता जातो. दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं. सरळ जात जात तो एकदम काटकोनात वळतो, कारण मध्ये एका शेतकऱ्याच्या शेताचा कोपरा येतो. रस्त्याच्या कडेनं पाण्याचा चर, तोही रस्त्यासोबत वळलेला. साऱ्या परिसरात तेवढं एकच वळण भाऊंच्या पसंतीला उतरलं होतं.

आणि या वळणाचं काय करायचं, हाच सगळा प्रश्न होता.

गोळ्याच्या वाटेत वळण आलं की भित्रा खेळाडू वळणावळणानं, दोन-तीन फेकींत पुढे जातो. दांडगा खेळाडू गोळा जमिनीवर टाकतच नाही. तो हवेतून, शेतावरून, थेट वळणापलीकडच्या रस्त्यावर टाकतो. याला म्हणायचं कोपरा उचलणं. भाऊंनी इतक्या वर्षांत एकदाही कोपरा उचलला नव्हता. आणि तो गोळा त्यांचा नव्हता.

कॉर्कला भाऊ एका विधुर म्हाताऱ्याच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. म्हातारा तरुणपणी या खेळातला नामांकित. त्यानंच भाऊंना रस्त्यावर नेलं. भाऊ नोकरी बदलून इकडे यायला निघाले, त्या सकाळी म्हाताऱ्यानं स्वतःचा गोळा त्यांच्या हातात ठेवला आणि बजावलं, हा उसना आहे. ज्या दिवशी यानं कोपरा उचलशील, त्या दिवशी हा परत करायचा. स्वतः येऊन.

आता तो म्हातारा तिकडे वृद्धाश्रमात होता. करोनामुळे दारं बंद, कुणी भेटायला जायचं नाही. मुलंबाळं नव्हती. रविवारी दुपारी तिथली नर्स त्याच्यासमोर टॅबलेट उभा करी आणि भाऊ त्याला फोनवरून रस्ता दाखवत. हे मला पहिल्या रविवारी तिथे पोचल्यावर कळलं. वळणावर सायकलवाल्यांसाठी अळंबीच्या आकाराचा बुटका दिशादर्शक खांब असतो, त्याच्यावर भाऊंनी फोन बांधला होता. फोनमध्ये एक तोंड होतं. दात नाहीत, भुवया मात्र दोघांना पुरतील एवढ्या.

मी नमस्कार केला. म्हातारा बराच वेळ काहीतरी बोलला. त्याच्या इंग्रजीतलं मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणाले?"

"वेलकम म्हणते," भाऊ म्हणाले.

"एवढं लांब?"

"बाकीचं म्हणजे... तुम्ही गोठ्याच्या दारात अडकलेल्या गायीसारख्या उभ्या आहात म्हणते. पाय अजून थोडे फाकवा."

म्हाताऱ्याचे नियम थोडे होते. भाऊंचं थोबाड दाखवायचं नाही, कोपरा दाखवायचा. म्हणून फोनचा डोळा कायम वळणाकडे आणि माझ्याकडे असे. मी वळणापलीकडच्या रस्त्यावर, जिथे गोळा पडायला हवा तिथे उभी राहायची. गोळा हातातून सुटेपर्यंत हलायचं नाही. सुटल्यावर शांतपणे एक पाऊल बाजूला व्हायचं. ओरडायचं नाही, हातवारे नाहीत, उड्या मारायच्या नाहीत. रस्ता दाखवणारा हा रस्त्याचा भाग. रस्ता कधी उडी मारतो का?

भाऊ नारिंगी जाकीट घालून पॉप्लरच्या रांगेत लांब जायचे. तिथून टोपीवाला एक ठिपका धावत यायचा, हात पंख्यासारखा फिरायचा आणि गोळा सुटायचा. आणि चरात पडायचा. डुबुक.

दर रविवारी डुबुक. कधी अलीकडच्या चरात, कधी पलीकडच्या चरात, कधी बीटात. म्हातारा फोनमधून शिव्या द्यायचा आणि दिसायला तरी फार खूश व्हायचा. मग आम्ही गोळा काढायचो. त्यासाठी मी दोरीला बांधलेला जड चुंबक मागवला होता. नेदरलँड्समध्ये पाण्यात चुंबक टाकला की आधी सायकल निघते. आमच्या चरातून सायकलीचं हँडल निघालं, दोन कुलपं निघाली, एक तवा निघाला. तवा मी घरी आणून, घासून वापरात घेतला. चांगला आहे.

एकदा गेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, गस्तवाला सायकलवरून आला. बाहेर दोघांहून जास्त माणसं नकोत, आणि दोघांत दीड मीटर अंतर हवं, असे दिवस होते ते. त्यानं मला पाहिलं. नारिंगी जाकीट घालून, रिकाम्या रस्त्यात, पायांमध्ये गवताची मूठ ठेवून उभी असलेली पन्नाशीला टेकलेली बाई.

"मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"एकट्या आहात?"

मी लांब पॉप्लरखाली बोट दाखवलं. भाऊंनी तिथून हात हलवला आणि मोडक्या डचमध्ये ओरडले, "अंतर बरोबर आहे ना साहेब? का अजून मागं सरकू?"

त्यानं काही लिहून घेतलं नाही. जाताना दोनदा वळून मात्र पाहिलं.

शेतकऱ्याचं प्रकरण अवघड जाईल असं मला वाटलं होतं, कारण त्याच्या बीटात लोखंड पडत होतं. तो एका रविवारी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. सहा फुटांच्या वर उंच, लाल गाल. मी माफीचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यानं चरातून काढलेला गोळा हातात घेतला, तोलला, आणि तोंड वाकडं केलं.

"लोखंड?" तो म्हणाला.

तो देशाच्या पूर्वेकडचा निघाला. तिकडे त्यांचाही असाच रस्त्यावर गोळा फेकायचा खेळ आहे, फक्त गोळा लाकडी असतो आणि आत शिसं भरलेलं. त्या खेळाचं डच नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या मुलीला विचारलं तर ती हसत सुटली आणि "ममा, यू कान्ट से दॅट" एवढंच म्हणाली. शेतकऱ्याच्या मते लोखंडी गोळा म्हणजे ज्यांना नेम येत नाही त्यांचा. भाऊंच्या मते लाकडी गोळा म्हणजे पाळण्यावर टांगायचा. दोघंही एकमेकांना आपापल्या इंग्रजीत हे समजावत राहिले आणि शेवटी शेतकरी घरातून लांब दांड्याची, टोकाला जाळीची टोपली असलेली काठी घेऊन आला. त्यांच्याकडे गोळे चरातून काढायला हीच वापरतात. "पुढच्या वेळी ही घ्या," तो म्हणाला, "तुम्हाला बरीच लागेल." बीटाविषयी तो काही बोलला नाही.

दिवाळीत मी एकेकट्यांच्या दारात फराळ ठेवून आले. दार वाजवायचं, मागे सरकायचं. भाऊंनी दार उघडलं, डबा उघडला, डिंकाचा एक लाडू उचलून तळहातावर तोलला आणि मला अंगणातच थांबवून गोळा कसा पकडायचा हे त्या लाडवावर दाखवलं. "वजन कमी भरते, पण टणकपणा तोच आहे, ताई. तुमच्या हाताला तोड नाही." घरी येऊन हे सांगितलं तर नवरा इतका हसला, की मी त्याला उरलेले लाडू संपवायला लावले.

ऑनलाइन बैठकांना भाऊ चालता चालता हजर राहत. गणपती या वर्षी ऑनलाइन करायचा की कसं, यावर आमची चर्चा पेटलेली असताना मध्येच त्यांच्या चौकोनातून दम लागल्याचा आवाज येई, मग शांतता, मग डुबुक, मग नागपुरी. अध्यक्षांनी त्यांना मायक्रोफोन बंद ठेवायला सांगायचं काम कायम माझ्यावर टाकलं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, दिवसभर नॅनोमीटर मोजता आणि इथे एवढ्या रुंद शेतावरून गोळा पार होत नाही?"

"नॅनोमीटर मोजाले मशीन आहे," भाऊ म्हणाले. "इथं मी आहे."

हिवाळ्यात म्हाताऱ्याला करोना झाला. काही रविवार फोन लागलाच नाही. भाऊ तरी रस्त्यावर येत होते. गोळा खिशात ठेवून वळणापर्यंत चालायचे आणि परत फिरायचे. मी त्यांच्याबरोबर, दीड मीटर सोडून. त्या दिवसांत भाऊंनी रस्त्याचा उतार पाहिला नाही, इस्त्रीला नावं ठेवली नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "बुढ्याच्या हातातून गोळा सुटला तर रस्ता संपेपर्यंत जात होता, ताई."

मग एका रविवारी फोन लागला. म्हातारा उशांना टेकवलेला होता. भुवया तेवढ्याच होत्या, खालचं तोंड अर्धं झालं होतं. नर्स म्हणाली, आणि तिची इंग्रजी मला कळत होती, की ते आता आठवडाभर पडूनच असतात, जेवायलाही उठत नाहीत. रविवारी मात्र सकाळपासून मागे लागतात, मला बसतं करा, तो भारतीय पोरगा आज कोपरा उचलणार आहे.

पोरगा साठीला आला होता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि पॉप्लरकडे चालायला लागला.

त्या दिवशीही डुबुक. पुढच्या रविवारीही. म्हातारा आता बोलता बोलता झोपून जाई. तरी नर्स म्हणे, चालू राहू द्या, जागे झाले की विचारतात.

तो रविवार मार्चमधला. पाठीमागून वारा होता, बीटाचं शेत नुकतंच नांगरलेलं होतं. मी गवताची मूठ ठेवली, पाय फाकवले. फोनमध्ये म्हाताऱ्याचे डोळे अर्धे मिटलेले. लांबून ठिपका धावत आला, हात फिरला. गोळा नेहमीपेक्षा वर गेला. मी वर पाहत राहिले. तो अलीकडच्या चरावरून गेला, नांगरलेल्या कोपऱ्यावरून गेला, पलीकडच्या चरावरून गेला. मी एक पाऊल बाजूला झाले आणि ठण्ण असा आवाज झाला. गोळा माझ्या गवताच्या मुठीच्या अगदी शेजारी डांबरावर आपटला आणि पुढे, खूप पुढे, घरंगळत गेला.

मी उडी मारली. एकदाच.

शेतकऱ्याच्या अंगणातून ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. म्हणजे त्यानंही पाहिलं होतं. भाऊ धावत येत होते, टोपी कुठेतरी पडली होती. आम्ही दोघं फोनजवळ पोचलो. म्हाताऱ्याचे डोळे पूर्ण मिटलेले, तोंड उघडं. मी वाकून फोनमध्ये निरखून पाहिलं. मग छाती वर-खाली होताना दिसली. झोपला होता.

"उठवा, उठवा त्यांना," मी म्हटलं.

भाऊंनी हाक मारली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. एवढं छोटं वाक्य मलाही कळलं. टाकलास का?

भाऊंना धाप लागली होती. ते फोनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "टाकला. चरात गेला."

मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी पाठीमागे हात नेऊन मला गप्प राहायची खूण केली.

म्हाताऱ्यानं भुवया आवळल्या. मग त्यानं एक शिवी दिली, मोठी, पहिल्या दिवसांतल्यासारखी, आणि म्हणाला, पुढच्या रविवारी.

फोन बंद झाल्यावर मी भाऊंना सोडलं नाही. "हे काय केलंत? वर्षभर मी या रस्त्यावर उभी आहे. झालं ना? झालं तर झालं म्हणायचं!"

"ताई, तुमच्या यादीतलं काम झालं की तुम्ही काय करता?"

"काट मारते."

"मग त्या कामाचं काय होते?"

"काय व्हायचंय? संपतं."

भाऊंनी खांबावरच्या बंद फोनकडे बोट दाखवलं.

मला उत्तर कळलं, पण मी सहजासहजी हार मानत नाही. "तसं नाही. गोळा परत द्यावा लागेल, म्हणून तुम्ही बोलला नाहीत."

"तसं समजा," ते म्हणाले आणि गोळा शोधायला निघाले.

त्यानंतर वर्षभर, थंडी-वारा बघून, आम्ही रविवार पाळले. गोळा पुन्हा कधी त्या कोपऱ्यापलीकडे गेला नाही. भाऊ मुद्दाम चरात टाकत होते की त्यांना ते एकदाच जमलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. शेतकरी भेटला की मला डोळा मारायचा, पण बोलायचा नाही. म्हातारा शिव्या देत राहिला. वसंतात तो खुर्चीत बसायला लागला, उन्हाळ्यात चमच्यानं स्वतः खाऊ लागला. नर्सला वाटायचं, औषधांचा गुण.

वृद्धाश्रमाची दारं उघडली आणि भाऊंनी विमानाचं तिकीट काढलं. गोळा हातातल्या पिशवीत. मी सांगितलं होतं, सामानात टाका, पण त्यांना तो डोळ्यांसमोर हवा होता. विमानतळावर यंत्रात तो काळा ठिपका दिसताच तीन माणसं जमली.

"हे काय आहे?"

"उसनं घेतलेलं आहे," भाऊ म्हणाले. "परत द्यायला चाललो."

शेवटी गोळा लोकरीच्या मोज्यात गुंडाळून सामानातच गेला. मी काही बोलले नाही. नवऱ्याला मात्र बोलले.

परत द्यायला चाललो, हे त्यांनी त्या माणसांना सांगितलं होतं. मला सांगताना बेत वेगळा होता. म्हाताऱ्याला गोळा नुसता दाखवायचा, हातात द्यायचा, तिथल्या रस्त्यावर एक-दोनदा फेकायचा आणि कोपरा अजून राहिलाय म्हणून परत आणायचा. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"गोळा गेला, ताई."

"चरात?"

"बुढ्याच्या मांडीवर. हातात दिला तर त्यानं पांघरुणाखाली घातला, अन् देऊनच नाही राहिला. म्हणते, शर्त पूर्ण झाली."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी काहून सांगू? मी म्हटलं, कोणती शर्त, अजून कोपरा कुठं उचलला मी? तर खोकला येईपर्यंत हसला."

"मग त्यांना कळलं कसं? ते तर झोपले होते."

फोनमध्ये मागे कपबश्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी घसा खाकरत होतं.

"तुमच्यासाठी निरोप आहे," ते शेवटी म्हणाले. "बुढा म्हणते, त्या बाईला सांग, गोळा पडल्यावर रस्ता दाखवणाऱ्यानं उड्या मारायच्या नसतात."

म्हणजे एवढं वर्षभर दोघंही सोंग करत होते.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "मी एकदाच मारली होती."

भाऊंनी ते तिकडे सांगितलं. लगेच मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, आणि या वेळी मला भाऊंच्या भाषांतराची गरज पडली नाही.

"थ्री!"